पहाडच्या हत्यारांचं घर

पहाड मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा काटकोनाला वाईट वाटलं, यात शंका नाही. पण वाईट वाटायच्या आधी त्याला आणखी दोन गोष्टी वाटून गेल्या. पहिली ही, की आता या गावात आपल्यापुढे कोणी उरलं नाही. दुसरी ही, की तो काळा रंधा आता कोणाकडे जाणार? मग वाईट वाटलं, आणि ते इतकं मनापासून वाटलं की आधीच्या दोन गोष्टींबद्दल त्यानं स्वतःला तिथल्या तिथं माफ करून टाकलं.

काटकोन हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. कोपरा बरोबर नव्वद अंशांत आहे की नाही हे तपासायचा गुण्या त्याच्या खिशात कायम असायचा. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी तो टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावून बघायचा. एकदा दवाखान्यात दाखल झाला असताना त्यानं स्वतःच्याच खाटेला गुण्या लावला होता आणि खाट तिरकी आहे म्हणून नर्सशी हुज्जत घातली होती. लोकांनी नाव ठेवलं, ते चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की तेच नाव घ्यायची.

पहाडचं सगळंच उलटं. दारातून आत येताना वाकावं लागेल असा देह, फावड्यासारखे पंजे, आणि दोन घरं ओलांडून ऐकू जाईल असं हसू. शर्टाची बटणं वर-खाली, पेन्सिल कानामागे ठेवून ती दिवसभर शोधायची. असा माणूस खण मात्र असे करायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. त्याच्या कपाटाचा एक खण आत ढकलला की आतल्या हवेच्या दाबानं शेजारचा खण आपोआप थोडा बाहेर यायचा. कोपऱ्यातले दाते एकमेकांत असे बसलेले की मधून कागद जाणार नाही. खिळा नाही, स्क्रू नाही. काटकोन तीस वर्षं ते कोपरे वाकून वाकून तपासत आला होता, आणि तीस वर्षांत त्याला एकही फट सापडली नव्हती. "खण करायचे तर पहाडनं, नाहीतर मग काटकोनाकडे जा," असं लोक म्हणायचे. त्या "नाहीतर मग"नं त्याचं आयुष्य नासवलं होतं.

यामागे काहीतरी गुपित असणार, हे उघड होतं. आणि ते गुपित म्हणजे तो काळा रंधा, हे काटकोनानं कधीच ठरवून टाकलं होतं. वीतभर लांबीचा, काळ्याभोर लाकडाचा रंधा. पहाड जिथं जाईल तिथं तो पिशवीत घेऊन जायचा आणि गिऱ्हाइकापुढे ऐटीत टेबलावर ठेवायचा. काटकोनानं तो एकदा मागून पाहिला होता. पहाड नुसताच हसला.

महिन्याभरानं पहाडची बायको काटकोनाच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि घोट्यापर्यंत भुसा. बरोबर तिनं एक जड पोतं आणलं होतं. बुटकी, सडपातळ बाई, बोलणं मोजकं.

"भावोजी, ह्यांच्या हत्यारांना नीट जागा करून हवीय," ती म्हणाली. "पोत्यात एकावर एक पडतात, धारा जातात. भिंतीवर लावता येईल असं काहीतरी करा. सगळी दिसली पाहिजेत, हाताशी राहिली पाहिजेत. ज्याची त्याची जागा."

"सगळी दिसली पाहिजेत" इथपर्यंत काटकोनानं ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. पुढचं त्याच्या कानांवर पडलं, पण आत शिरलं नाही.

"वहिनी, असं करून देतो की येणारा-जाणारा हात जोडेल."

"हात जोडायला नको. आठ दिवसांत होईल ना? त्याहून जास्त मला थांबता येणार नाही."

बिचारी, काटकोनाला वाटलं, रिकामी भिंत बघवत नसेल. मापं घ्यायला हत्यारं इथंच राहू द्या म्हटल्यावर तिनं जरा का-कू केलं. मग पोतं ठेवून गेली, पण पहिल्या दिवशी शाळेत मूल सोडून जाणाऱ्या आईसारखं दारातून दोनदा वळून पाहिलं.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या ग्रंथपालबाई येऊन गेल्या. जुन्या नकाशांसाठी चोवीस खणांचं कपाट करायचं होतं. नकाशे मोलाचे, खण जरा अडकला की कागद फाटणार. "पहाड मिस्त्रींनाच देणार होतो," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच. की आणखी कोणी आहे असे खण करणारं?"

"होता तो गेला," काटकोन म्हणाला, आणि आवाजात शोभेल इतकं दुःख आणलं.

"मग पुढच्या गुरुवारी समितीपुढे नमुन्याचा एक खण घेऊन या."

चोवीस खण! गावातलं सगळ्यात मोठं काम, आणि तेही दिवसाला शंभर माणसं बघतील अशा जागी. काटकोनाचे पाय जमिनीवर ठरेनात. पण आधी पहाडचं काम. मेलेल्या माणसाशी उदारपणे वागायला मिळावं, असं त्याला कधीपासून वाटत होतं.

त्यानं हत्यारं टेबलावर ओळीनं मांडली. लाकूड कोरायच्या सात पटाश्या, चार रंधे, तीन करवती, एक गिरमिट, दोन कानशी. पोत्यात पडणाऱ्या हत्यारांच्या मानानं धारा भलत्याच चांगल्या होत्या. काटकोनानं अंगठ्याच्या नखावर पटाशी टेकवून पाहिली तर नखाची ढलपी निघाली. विचित्र होत्या त्या मुठी. मधेच बारीक झालेल्या, काळपट, आणि प्रत्येकीवर अंगठ्यासाठी एक खळगा पडलेला. तो खळगा इतका लहान की काटकोनाच्या अंगठ्याचं टोकही त्यात धड बसेना. आता पहाडचा अंगठा म्हणजे केवढा!

काटकोन बराच वेळ विचार करत बसला आणि मग त्याला उलगडा झाला. पहाड पटाशी मुठीत धरतच नसणार. नुसत्या बोटांच्या टोकांत, हलकेच! हेच ते कसब! त्या दिवशी सकाळभर त्यानं बोटांच्या टोकांत पटाशी धरून दाते कापून पाहिले. दोन फळ्या वाया गेल्या आणि बोटं अशी आखडली की जेवताना बायकोला घास भरवावे लागले.

"एवढं काय ते कसब, बघू तरी," म्हणून बायकोनं एक पटाशी उचलली आणि मुठीत धरली. "अगंबाई! काय छान बसते हो हातात."

"ठेव ती खाली. पळी नाही ती."

"पळीपेक्षा बरी बसते," असं म्हणून बायकोनं पटाशी ठेवून दिली.

काळा रंधा त्यानं सगळ्यात शेवटी, हात धुऊन, उचलला. चांगली सरळ रेषांची फळी घेतली, श्वास रोखला आणि फिरवला. रंधा खडखडत गेला आणि मधेच रुतला. पातं वर केलं तर नुसताच घसरला. खाली केलं तर लाकडाचे लचके काढले. काटकोनानं आधी फळीला दोष दिला, मग हवेला, आणि शेवटी मान खाली घालून स्वतःला. असलं हत्यार पेलायला तसाच हात लागतो, असं त्यानं बायकोला सांगितलं. त्या संध्याकाळी तो खरोखर खचला होता.

पण आराखडा काढायला बसला तेव्हा पुन्हा उभारी आली, कारण रेघा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. एका जुन्या दाराची जाड फळी. तिच्यावर मधोमध काळा रंधा. त्याच्याभोवती अर्धगोलात सात पटाश्या, रुंद ते अरुंद. खाली करवती एकीखाली एक. प्रत्येक हत्यार कागदावर ठेवून त्याची कड गिरवून घेतली, आणि त्या आकाराच्या खोबणी अशा कोरल्या की हत्यार आत जाताना हवा फुस्स करून बाहेर यायची. पुठ्ठ्याचा नमुना करून भिंतीवर लावून दोन दिवस लांबून बघितला. मग डावीकडची करवत अर्ध्या सुतानं वर घेतली. ते अर्धं सूत त्याच्याखेरीज जगात कुणालाही दिसलं नसतं.

पुढची शंका अशी आली, की माणूस गेल्यावर नातेवाईक येतात, "बघू बघू" म्हणतात आणि वस्तू खिशात घालून जातात. म्हणून त्यानं प्रत्येक खोबणीत मागून लाकडाची एक छुपी पाचर ठोकली. आता हत्यार ओढून काढू म्हटलं तरी निघणार नव्हतं. फळी उलटी धरून गदागदा हलवली. एक हत्यार हललं नाही. काटकोन स्वतःवर खूश झाला.

राहता राहिल्या त्या मुठी. एवढ्या देखण्या फळीवर त्या काळ्या, झिजक्या, तेलकट मुठी बघवत नव्हत्या. वहिनींना सांगितलं नव्हतं, पण चांगल्या कामात विचारायचं काय? त्यानं लेथवर सात नव्या मुठी काढल्या, एकीसारखी दुसरी, गोल, जाडजूड, पहाडच्या पंजाला शोभतील अशा. पॉलिश पेपरनं घासून आरशासारख्या केल्या. जुन्या मुठी लाकूड चिकटवायचा सरस वितळवायच्या शेगडीत घातल्या. वाळलेलं लाकूड, चांगला जाळ झाला.

आठव्या दिवशी चादरीत गुंडाळलेली फळी हातगाडीवर घालून तो पहाडच्या घरी गेला. मागच्या खोलीत खिडकीशी कामाचं टेबल होतं. ते इतकं ठेंगणं होतं की काटकोनाला वाटलं, इथं वाकून वाकूनच पहाडची पाठ गेली असणार. टेबलावर एक खण अर्धवट जोडून ठेवला होता. मरायच्या आधी हातात घेतलेलं काम, तसंच राहिलेलं.

त्यानं फळी भिंतीवर लावली, पातळी बघायची पाणसळ लावून सरळ केली आणि चादर ओढली.

"सुंदर झालंय, भावोजी," ती म्हणाली. खरंच म्हणाली. मग पुढे झाली, मधली पटाशी धरली आणि ओढली. पुन्हा ओढली. "ही निघत नाही."

"निघू नये अशीच केलीय," काटकोन मोठ्या समाधानानं म्हणाला. "वहिनी, ही कुणाच्या बापाला निघायची नाही."

तिनं पटाशीची मूठ सोडून दिली.

"मग मी काम कशानं करू?"

"कसलं काम?"

तिनं कोपऱ्यातली हातोडी घेतली, फळी उतरवली, उलटी केली, आणि पाचर कुठं असेल ते एका नजरेत ओळखून दोन ठोक्यांत उडवली. पटाशी बाहेर आली. नवी मूठ तिच्या पंजात मावत नव्हती. तिनं ती इकडून तिकडून फिरवली, अंगठा ठेवायला जागा शोधली, आणि मग ती अर्धवट खणावर वाकली. तिच्या उंचीला टेबल बरोबर होतं. पहिल्या ठोक्याला पटाशी किंचित सरकली, ती "च्" म्हणाली, दुसऱ्यांदा धरली आणि दाता कापला. काटकोनानं तो दाता पाहिला. तो तीस वर्षं ओळखीचा होता.



"ह्यांना फळ्या निवडता यायच्या, वाहता यायच्या, आणि गिऱ्हाइकाशी बोलता यायचं," ती म्हणाली. "खण माझे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा धंदा आहे आमचा."

"पण कधी बोलल्या नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. एवढे कोपरे तपासायला यायचात. मी तिथंच उभी असायची, पाण्याचा पेला घेऊन."

काटकोनाच्या डोक्यात एकामागून एक सगळं जागेवर बसत होतं: खळगा, टेबल, "थांबता येणार नाही".

"जुन्या मुठी कुठं ठेवल्यात?" तिनं विचारलं.

हरवल्या म्हणावं, असं एकदा त्याच्या ओठांवर आलं. "जाळल्या," तो म्हणाला. "सरस करताना. मला वाटलं, झिजल्यात."

ती खुर्ची ओढून बसली आणि मोकळा हात उघडून त्या तळहाताकडे पाहत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता, भांडली असती, तर काटकोनाला बरं वाटलं असतं. त्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. तीस वर्षं ज्या हाताचा हेवा केला, त्याचाच आकार त्यानं शेगडीत घातला होता आणि वर त्याला उपकार समजला होता.

"झिजायलाच एवढी वर्षं लागली होती," ती शेवटी म्हणाली. मग उठून तिनं मधली पाचर उडवली आणि काळा रंधा काढून त्याच्यापुढे ठेवला. "हा तुम्ही न्या. ह्यांच्याकडून ऐकलंय, तुम्हाला हवा होता म्हणून."

"नको, नको. ह्याच्यावर तर तुमचं सगळं..."

"तो? तो कधी धड चाललाच नाही. दिसतो छान, म्हणून हे बरोबर न्यायचे. मागितलात तेव्हा हसू आवरेना म्हणाले."

काटकोनानं तिला पंजा कागदावर ठेवायला सांगितलं आणि पेन्सिलनं कड गिरवून घेतली. हत्याराचं माप घ्यायला त्याला दोन दिवस लागले होते. हाताचं माप घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नव्या मुठी तिच्या मापानं करून द्यायच्या, पाचरी सगळ्या काढायच्या, खोबणींना बोटं जातील एवढी मोकळीक ठेवायची, असं ठरलं. निघताना त्यानं टेबलावरच्या खणाकडे बोट दाखवलं.

"हा पुरा झाला की गुरुवारी मी नेला तर चालेल?"

"कशाला?"

"आहे काम," तो म्हणाला.

गुरुवारच्या सकाळपर्यंत काटकोनाचं मन चार वेळा बदललं. आपलाही एक नमुना त्यानं करून ठेवला होता, आणि तो काही वाईट नव्हता. बाई कुठं सांगत फिरणार नव्हती. कुणाला कळणार नव्हतं. जिभेवर वाक्य तयार होतं: होता तो गेला. पण दारातून निघताना हातात तिचाच खण होता. तो असा हलका आणि नीट होता की त्याच्या शेजारी स्वतःचा ठेवायला काटकोनाला धीरच झाला नाही.

समितीत ग्रंथपालबाई आणि दोन वयस्कर सभासद होते. खण हातोहात फिरला. "वा, काटकोन! पहाडच्या तोडीचा आहे," एक सभासद म्हणाले.

"हा मी केलेला नाही," काटकोन म्हणाला. "आणि पहाडचेही त्यानं केलेले नव्हते." मग त्यानं सगळं सांगितलं, मुठी जाळल्याचंही. सांगताना पोटात दुखायचं ते दुखलंच. "गावात असे खण करणारा हात एकच आहे. तो पहाडच्या बायकोचा. कपाट त्यांना द्या. माझा नंबर दुसरा."

सभासद एकमेकांकडे बघून हसले. कौतुकानं हसले.

"मोठा माणूस आहात," दुसरे सभासद म्हणाले. "मित्राच्या माघारी त्याच्या घराचा एवढा विचार कोण करतं!"

"विचार नाही हो, खरं सांगतोय!" काटकोनानं खिशातला गुण्या काढून टेबलावर आपटला. "लावून बघा! त्या बाईंच्या हाताखाली काम करायची माझी लायकी नाही!"

"किती हा विनय," पहिले सभासद म्हणाले.

ग्रंथपालबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा विश्वास बसला असावा, कारण त्यांनीच पुढचा मार्ग काढला. "असं करू या. चोवीस खणांचं काम, समितीला जबाबदार मिस्त्री लागतो. ऑर्डर तुमच्या नावानं काढू. त्यांना तुम्ही मदतीला घ्या, म्हणजे त्यांचीही सोय होईल." सगळ्यांना हे फार पटलं. काटकोन आणखी दोनदा ओरडला, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनात तो आणखी मोठा झाला. कागदावर त्याचं नाव चढलं. खाली उतरेपर्यंत शिपायानंही अभिनंदन केलं.

तो तडक पहाडच्या घरी गेला. ती खिडकीशी उभी होती. भिंतीवरच्या फळीतून पटाश्या सहज निघत होत्या आणि पहिल्या दोन नव्या, बारीक मुठी तिनं आधीच बसवून घेतल्या होत्या. काटकोनानं ऑर्डरचा कागद टेबलावर ठेवला. तिनं तो वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा हातातल्या कामाला लागली.

"मी तुमचंच नाव सांगितलं होतं, वहिनी. तीनतीनदा सांगितलं."

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "ह्यांनीही सांगून पाहिलं होतं, पहिल्या वर्षी. लोक हसले." तिनं दात्यावरचा भुसा फुंकून उडवला. "फळ्या कधी आणताय?"